चूल काय म्हणते

अन्नपूर्णा माझी धाकटी जाऊ. नवं महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या पुढच्याच सालात ती आमच्या पिंपळगाव राजाच्या घरी सून होऊन आली. कापूस फुटला की आमचं वावर ढग उतरल्यासारखं दिसायचं. त्या ढगात ती कमरेइतकी बुडून उभी राहायची. हात बोंडावर, कान दुसरीकडेच.

“कोणाशी बोलून राह्यली वं?” मी विचारायची.

“मी कुठं बोलतो, बाई? ते बोलून राह्यले. मी ऐकून राह्यलो.”

ते म्हणजे कोण, ते तिलाही दिसत नसत. पण कधीकधी ऐकता ऐकता ती गालात हसायची. मला तर सासरची दिसणारी माणसं बोलली तरी हसू येत नसे.

एकदा मात्र त्या आवाजांमागं निघाली ती दुसऱ्या गावच्या शिवारात सापडली. मग घरात ठरलं, हिला नागपूरला वेड्यांच्या दवाखान्यात ठेवायचं आणि शेषरावाला, म्हणजे माझ्या दिराला, दुसरी बायको पाहायची. नागपूरचा डॉक्टर बुलढाण्याला येणार होता. त्याला दाखवायला सासरे रामराव, अन्नपूर्णा आणि मी यष्टीत बसलो.

घाटात धुकं होतं. झाडं जवळ यायची, विरून जायची. अन्नपूर्णेनं काचेला गाल लावला.

“बाई, झाडं निजली हायेत. गाडीवाल्याले सांगा, हळू चालव.”

मी काही सांगितलं नाही. पण गाडी खरंच हळू झाली.

डॉक्टर तरुण होता, मऊ बोलायचा. म्हणाला, “घरच्यांचं मागून ऐकू. आधी यांचं यांनी सांगावं. घरात काय काय कामं करता?”

अन्नपूर्णेनं पदर पुढं ओढला. “मी कायले करतो जी? बसलेली असतो.”

“स्वयंपाक?”

“बाईच करते.” तिनं माझ्याकडे बोट केलं.

“शेतात जाता?”

“जातो अशीच, लोकायच्या मागं.”

मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, मान डोलावली. डॉक्टर म्हणाला, “मग दवाखान्यात ठेवलेलं बरं.”

मी मधेच बोलले. “तिचं ऐकू नका जी. लय कामाची हाय ते.”

“त्या स्वतःच नाही म्हणताहेत. बरं, तुम्ही घरात काय करता?”

मी पदर पुढं ओढला. “मी कायले करतो जी? बसलेली असतो.”

तोंडातून निघूनच गेलं. सासऱ्यासमोर कोणती सून म्हणेल, घर मी चालवते म्हणून? दळण, पाणी, ढोरं, लेकरं, सगळं आमचं बसल्या बसल्याच होत होतं म्हणायचं.

डॉक्टरनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग मामाजींना म्हणाला, “तुम्ही जरा चहा घेऊन या.”

ते गेल्यावर त्यानं तिला विचारलं, “काल उठल्यापासून काय झालं, तेवढं सांगा.”

ती खिडकीकडे पाहत, सपन सांगावं तशी सांगू लागली. “उठलो. वाकळा झटकल्या. शेण काढलं. भाकरी थापल्या, पण तव्यावर नाही टाकल्या. चूल माह्यं नाव घेते. हात दे, म्हणते. म्हणून बाईले बोलावतो. इहिरीवर एकटी जात नाही, पाणीबी तसंच म्हणते. तानुबाई शेजारची, तिच्यासंग जातो. कापूस दिवसभर वेचतो. तिथले आवाज चांगले हायेत. पण सांजच्याले ते पुढं जातात, अन् मी मागं जातो. तव्हा कोणी हात धरला पायजे.”

रोज सकाळी “बाई, तवा पाहा” म्हणून ती का हाका मारायची, ते मला तिथं कळलं. मी समजत होते, नव्या नवरीचे चोचले.

मामाजी परत आले. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. चुलीजवळ, विहिरीवर आणि सांजेला हिला एकटं सोडू नका, म्हणाला.

“पण ते तर काहीच करत नाही म्हणे,” मामाजी बोलले.

“तुमच्या दोन्ही सुना काहीच करत नाहीत. दोघींना घरी घेऊन जा.”

घरी आल्यावर दुसऱ्या बायकोचं नाव मामाजींनी काढलं नाही, कोणाला काढूही दिलं नाही.

आवाज काही गेले नाहीत. लांब गेले, दुसऱ्या गावातल्या भजनासारखे. सांज झाली की शेषराव वावरात तिच्या कापसाच्या ओळीच्या टोकाला येऊन उभा राहायचा. सकाळी ती भाकरी थापायची, मी भाजायची.

“आज काय म्हणते वं चूल?”

“निजली हाय, बाई. हळू टाका.”

मी हळूच टाकायची.