मिरचीची शेवटची बरणी

इडालिनाच्या गल्लीत बशी कधी रिकामी परत जात नसे. शेजारणीने अंडी पाठवली तर तिच्या बशीतून लिंबं जायची, खीर पाठवली तर घरचा पाव जायचा, आणि हाताशी काहीच नसलं तर निदान परसातली पुदिन्याची जुडी तरी. रिकामी बशी यायची ती फक्त दुखवट्याच्या घरातून. अशा घरात वर्षभर गोडधोड होत नाही, तळणाची कढई चढत नाही. शेजारणी आणून देतात, घरचे खातात आणि बशी धुऊन तशीच परत करतात. साँव मिगेल बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर हे कुणी कुणाला शिकवायला लागत नाही.

म्हणूनच नोव्हेंबरपासून इडालिना काय करते आहे ते सगळ्या गल्लीला कळत होतं, आणि तिला तोंडावर सांगायची हिंमत कुणातच नव्हती.

तिचा नवरा ग्वाल्टर पहाटे होडी घेऊन गेला तो परतलाच नाही. काही दिवसांनी होडीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या. निळ्या रंगाच्या होत्या, तिनेच रंगवलेल्या. माणूस काही लागला नाही. ग्वाल्टरच्या आईने, म्हाताऱ्या एर्मिनियाने, त्याच दिवशी पेटी उघडून काळे कपडे अंगावर चढवले. पेटीत ते तयारच होते. तिचा नवराही समुद्रानेच नेला होता. इडालिना मात्र आपल्या फुलाफुलांच्या झग्यातच राहिली.

"फळ्या आल्या म्हणजे माणूस गेला, असं कुठे लिहिलंय?" ती म्हणायची. "झेफेरिनोचं काय झालं होतं? त्याच्या नावाने चर्चची घंटासुद्धा वाजवून झाली होती, आणि हा पठ्ठ्या दोन महिन्यांनी लिस्बनहून नवे बूट घालून आला!"

झेफेरिनोची गोष्ट खरी होती. परदेशी जहाजाने त्याला उचलून नेलं होतं. पण त्या घटनेला चाळीस वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून या किनाऱ्यावरच्या प्रत्येक बाईने हीच गोष्ट उराशी धरली होती. एकीचाही नवरा नवे बूट घालून आला नव्हता. हे इडालिनालाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं, मानणं वेगळं.

फळ्या लागल्या त्याच संध्याकाळी समोरची लुदोविना भाताची खीर घेऊन आली, वर दालचिनीची नक्षी काढलेली. ती इडालिनाची लहानपणची मैत्रीण, मनाने सोन्यासारखी आणि तोंडाने फाटकी. इडालिनाने खीर काढून घेतली, बशी धुतली, फळीवरून मिरचीची बरणी काढून बशीत ठेवली आणि ती परत दिली.

लुदोविना बरणीकडे बघतच राहिली. "लीना, अगं, हे कशाला?"

"का? माझ्या घरून बशी रिकामी कधी गेलीय?"

त्यानंतर बशा येत राहिल्या आणि प्रत्येक बशीतून एकेक बरणी जात राहिली.

ही मिरची म्हणजे साधीसुधी गोष्ट नव्हती. सप्टेंबरात परसातली मोठी लाल मिरची उतरली की नवराबायको दोघं दारात बसायची. ती देठ आणि बिया काढून टाकायची, तो मिरची दळायच्या यंत्राचा दांडा फिरवायचा. मग ती मूठमूठ मीठ घालून तो लगदा मातीच्या मडक्यात भरायची, रोज लाकडी पळीने ढवळायची, आणि चांगला आंबट वास सुटला की बरण्यांत भरून वर ऑलिव्हचं तेल ओतायची. तिच्या हाताची मिरची मागायला लोक पलीकडच्या गावातून यायचे. दांडा फिरवणाऱ्याचं नाव कुणी घेत नसे. त्यावर तो कुरकुरायचा, "घाम माझा आणि नाव हिचं!" आणि मग दरवर्षी न चुकता त्याच हाताने डोळे चोळायचा. मग बोंबाबोंब. ती दुधाचा बोळा डोळ्यांवर ठेवता ठेवता हसून हसून बेजार व्हायची. "पन्नाशी उलटली तरी तुला अक्कल येत नाही," ती म्हणायची. यंदाच्या सप्टेंबरातही हेच झालं होतं.

फेब्रुवारी उजाडला तेव्हा फळीवर एकच बरणी उरली होती.

आणि कार्निव्हल आला. कार्निव्हलच्या मंगळवारी त्या बेटावर ज्या घरातून तळणाचा वास येत नाही, त्या घरातलं कुणीतरी गेलेलं असतं. दुसऱ्या दिवसापासून चाळीस दिवसांचे उपास. म्हणून त्या दिवशी घरोघर मालासादा होतात. अंडी, दूध, लोणी घालून मळलेलं पीठ, हाताने ताणून मधे पातळ केलेलं, तळून साखरेत घोळवलेलं. इडालिनाने सोमवारीच अंडी आणून ठेवली. सासूने ती टोपली पाहिली.

"मालासादा करणार आहेस?"

"दरवर्षी करते."

"लोक काय म्हणतील, पोरी?"

"म्हणू देत. आई, तुम्ही काळं घातलंत, मी काही बोलले का? मग मला माझं करू द्या."

एर्मिनिया टोपलीपासून बाजूला झाली. चार महिने एका छपराखाली दोन घरं नांदत होती. एका घरातला माणूस मेला होता, दुसऱ्या घरातला यायचा होता. दोघींचं भांडण असं कधी झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

मंगळवारी सकाळी इडालिनाने पीठ मळलं. लिंबाची साल किसून घातली, घरची दारू थोडी शिंपडली, परातीला चिकटेनासं होईपर्यंत पीठ आपटलं, आणि वर बोटाने क्रूस काढला. आता त्यावर पांघरूण घालायचं. तिकडे फुगायला ठेवलेल्या पिठावर घरातल्या कर्त्या पुरुषाचं कापड घालतात; त्याशिवाय पीठ वर येत नाही असं सगळ्या बायका मानतात. विधवा असेल तर मुलाचं घालते. एर्मिनियाने आपल्या वेळी दुखवट्याचं वर्ष सरल्यावर ग्वाल्टरची चिमुकली विजार घातली होती.

दारामागच्या खिळ्यावर ग्वाल्टरचा लोकरी कोट होता. त्या पहाटे पाऊस होता म्हणून तो मेणकापडाचा डगला घालून गेला आणि हा मागे राहिला. चार महिने इडालिनाने त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. तंबाखू, मासळी आणि होडीच्या तेलाचा वास त्यात तसाच होता. जाता येता ती त्याच्या बाहीत तोंड खुपसून उभी राहायची. तो कोट तिने काढला, झटकलासुद्धा नाही, आधी स्वच्छ फडकं आणि त्यावर कोट असा परातीवर घातला, आणि परात चुलीजवळ सरकवली.

मग ती रोजच्यासारखी धक्क्यावर गेली. आज वारा पडला होता, आणि एक अनोळखी जहाज क्षितिजावर रेंगाळत होतं. तिचा पाय निघेना. जहाज जवळ येईल असं वाटत राहिलं. ते काही आलं नाही. हळूहळू पूर्वेला निघून गेलं. ती वळली तेव्हा गल्लीभर तळणाचा वास सुटला होता आणि आपल्याला फार उशीर झालाय हे तिच्या लक्षात आलं.

तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं. पीठ परातीबाहेर आलं होतं. फडकं एका बाजूला घसरलं होतं आणि पीठ कोटाच्या अस्तरात, बाह्यांत, खिशांत शिरलं होतं. कडेचं वाळून लोकरीला घट्ट धरून बसलं होतं. परातीसमोर बाकावर एर्मिनिया हात मांडीवर ठेवून बसलेली होती.

"तुम्ही इथेच होतात?" इडालिना किंचाळली. "डोळ्यांदेखत! नुसता कोट उचलायचा होता, आई! एवढंसुद्धा झालं नाही?"

"काळ्या कपड्यातल्या बाईने गोडाच्या पिठाला हात लावू नये."

"आग लागो त्या काळ्या कपड्यांना! मुद्दाम केलंत तुम्ही. मला धडा शिकवायला. तो मेलाच पाहिजे ना तुम्हाला, म्हणजे तुमच्या मनासारखं होईल!"

एवढं तोंडातून गेलं आणि ती स्वतःच चपापली. म्हातारीने मात्र रागाने बघितलं नाही. तिचे डोळे अजून कोटावरच होते.

"आधी तो असा हलला, छातीपाशी," ती म्हणाली. "मग वर आला. हळूहळू. झोपेत श्वास घेतो ना माणूस, तसा. मला कळत होतं गं, पीठ आहे ते. कळत होतं. पण माझ्याच्याने उचलवेना. वाटलं, उचलला की थांबेल."

चार महिने इडालिनाला वाटत होतं की या घरात वाट बघणारी आपण एकटीच आहोत. ती सासूजवळ बाकावर टेकली आणि दोघी त्या कोटाकडे बघत बसल्या. पीठ आता खाली बसत चाललं होतं, आणि त्याबरोबर कोटही.

तो शेवटी इडालिनानेच उचलला. पीठ खरवडून कोंबड्यांना टाकलं. मग तिने परसातल्या धुण्याच्या टाकीत पाणी भरलं, साबण घेतला. पाण्यात घालायच्या आधी तिने एकदा बाही नाकाशी धरली. लोणी आणि लिंबाचा वास आला. आत कुठेतरी तो असेल म्हणून तिने दुसरी बाही धरली. तिथेही तेच. तेव्हा तिला रडू फुटलं, नोव्हेंबरपासून न फुटलेलं, आणि ती रडत रडतच कोट घासत राहिली. गेलेल्या माणसाचे कपडे धुवायचे असतात ते असेच, घरातल्या बाईने. ते ती आत्ता करत होती. एर्मिनिया बाहेर आली आणि न सांगता दुसऱ्या टोकाने कोट धरून पिळायला लागली.

कोट दोरीवर गेला तोच लुदोविना दारात आली. तिच्या हातात रुमालाने झाकलेली बशी होती.

"घे बाई, गरम आहेत. आमच्या मेल्याने निम्म्या आधीच गिळल्या," ती घाईघाईने म्हणाली. "तू केल्या असशीलच, माहितीय मला. पण तरी." मग तिचं लक्ष दोरीवरच्या ओल्या कोटाकडे गेलं.

इडालिनाने बशी घेतली. मालासादा काढून आपल्या ताटात ठेवल्या. बशी धुतली, पुसली. समोरच्या फळीवर शेवटची बरणी होती. तेलाखाली मिरची लालभडक. तिचा हात सवयीने वर गेला, बरणीवर टेकला, आणि तिथेच राहिला. मग तिने तो काढून घेतला आणि नुसती बशी घेऊन दारात आली.

चार महिने लुदोविना गल्लीभर सांगत फिरत होती की लीनाने आता मानायला हवं, मानलं की मोकळी होईल. आता ती रिकामी बशी समोर आली तर ती धरायला तिचा हात पुढे होईना.

"काहीतरी घाल गं त्यात," ती म्हणाली. "लीना, ऐक माझं. पुदिना घाल. ती बरणी आहे ना, ती घाल."

"ती नाही द्यायची," इडालिना म्हणाली. "ती त्याने दळलीय."

आणि तिने बशी लुदोविनाच्या हातात ठेवली.