काही बी नावाची भाजी

गयाआत्या गेली तेव्हा माझा हात एका शेळीच्या पोटात होता. पिंगळीतल्या एका अंगणात करडू आडवं आलं होतं आणि माझा फोन सारखा वाजत होता. शेवटी शेळीच्या मालकिणीनंच तो माझ्या कानाला लावला. पलीकडे आत्याची सून, मंगलवहिनी. "आत्याबाई गेल्या गं. दुपारचा च्या पिऊन पडल्या, त्या उठल्याच न्हाईत..." तेवढ्यात करडू बाहेर आलं, धडपडत उभं राहू लागलं, आणि मी रडता रडता हसले. आत्या असती तर म्हणाली असती, "आधी त्याचं नाक पूस. मी कुठं पळून चाललेय?" याला आता महिना होऊन गेला.

अकरावीसाठी मी चुडाव्याहून परभणीला तिच्याकडं राहायला आले. आमचं घर शेळ्यांवर चालणारं आणि घरातले सगळे निर्णय आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे. मी फक्त मान हलवायची. त्यात इतकी तरबेज होते की नंदीबैलानं माझ्याकडून धडे घ्यावेत. पहिल्याच संध्याकाळी आत्यानं विचारलं, "काय खाशील?" मी म्हणाले, "आमाला काही बी चालंल." आत्यानं वाकून माझ्या मागं, पार दारापर्यंत पाहिलं. "आमाला म्हंजे? संगं आणखी कोण आलंय?" मी घाबरून म्हणाले, "मला... काही बी." त्यावर ती म्हणाली, "काही बी नावाची भाजी मंडईत भेटंना, बाई. दुसरी सांग."

मग रोज संध्याकाळी हीच परीक्षा. मी तिचा चेहरा बघून उत्तर द्यायचे. तिला वांगं आवडतं, म्हणून वांगं सांगायचे. ती लगेच ओळखायची. "हे माझं झालं. तुझं काय?" खरं सांगते, माझं काय ते मलाच माहीत नव्हतं. कुणी कधी विचारलं नव्हतं, मग मी तरी कशाला शोधून ठेवू? अन् एक दिवस तोंडातून निघून गेलं, "शेपू." आत्याचं तोंड बघण्यासारखं झालं. शेपूच्या नुसत्या वासानं तिला मळमळायचं. पण बाई शब्दाची पक्की. नाकाला पदर लावून, मुगाची डाळ घालून तिनं शेपू केला आणि स्वतः अंगणात बसून लोणच्यासंगं भाकरी खाल्ली. मी मात्र कढई पुसून जेवले.

बारावी झाली. आबांनी मला नर्सिंगला घालायचं ठरवलं होतं. आत्याच्या ओसरीवर बसून ते प्रवेशाचं बोलत होते, आणि मी हळूच म्हणाले, "मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय." आबा भडकले. "शेळ्यांतनं बाहेर काढायला शिकवायलोय, अन् तू परत शेळ्यांतच चाललीस?" मी मोठ्या आशेनं आत्याकडं पाहिलं, तर ती आबांहून लाल. "अगं, मी भाजीचं इचारत होते!"

माझं अवसानच गळालं. मान हलायच्या बेतात होती, पण मध्ये पडली ती आत्याच. "थांब. सोपाना, मला बी हे पटंना. पोरीनं गोठ्यागोठ्यांतनं फिरायचं म्हंजे काय! पण हे माझं मत झालं. तिचं तिला असू दे. शेपू मला आवडत न्हाई, म्हणून मी केला न्हाई का?" शेपूचा इथं काय संबंध, हे आबांना कळेना. पण थोरल्या बहिणीपुढं ते गप्प बसले, आणि मी शिकले.

आत्याचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. मी आले की आधी बाहेरच्या नळावर हात धुवायला लावायची, "शेळीचा वास यायलाय," म्हणायची. मग शेजारणींना हाक मारून सांगायची, "आमची डाक्टरीण आली बरं!" मतं जुळली नाहीत तरी माया आटत नाही, हे मला तिच्याच घरात कळलं. तिची फार आठवण येते.

परवा तिच्या घरी गेले. आबाही आले होते. वहिनीनं विचारलं, "जेवायला काय करू?" मी आणि आबा एका सुरात म्हणालो, "काही बी चालंल."

आधी वहिनी फिसकन हसली, मग आबा. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडं वळून, आयुष्यात पहिल्यांदा, विचारलं, "तुला काय पाहिजे गं?"

"शेपू," मी म्हणाले.

स्वयंपाकघरातल्या खिळ्याला आत्याची भाजीची पिशवी अजून तशीच लटकत होती. ती काढून घेऊन आबा मंडईकडं निघाले.