निशाणी एकवीस

निशाणी या शब्दाचा मला अजून राग येतो. कोर्टात पुराव्याच्या कागदाला जो नंबर पडतो तीही निशाणी, आणि लिहिता न येणारा माणूस सहीच्या जागी जे काही उमटवतो तीही निशाणीच. एकाच शब्दाला दोन कामांना जुंपणाऱ्या त्या जुन्या कारकुनांना मी मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या आहेत. त्यातल्या निम्म्या माझ्या वाट्याच्या आहेत, हे मला ठाऊक आहे.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. वकिलीची सनद नवी, कोट त्याहून नवा. मी चिंचवडला राहायचो. सकाळी सायकल हाणत नाशिक रस्ता गाठायचा, ओळखीच्या दुकानात ती टेकवायची आणि तिथून एस.टी.नं तालुक्याच्या कोर्टात. पोचेपर्यंत काळा कोट मातकट झालेला असायचा. आमच्या भागात तेव्हा नुकते कुठं कारखान्यांचे पाये खणले जात होते. चाकणच्या अंगाला मात्र सगळा कांदा-बटाटाच.

तिथल्याच एका गावातली विधवा बाई माझी अशील होती. चाळिशीची, मूलबाळ नाही, बोलायला तिखट. नवऱ्यामागं ओढ्याकाठचं शेत ती स्वतः कसत होती, ते दिरानं दाबलं. त्याच्याकडे घरगुती वाटणीची एक यादी होती. भाऊ वारल्यावर भावजयीनं ओढ्याचं शेत आपल्याला सोडलं आणि राहायला दोन खोल्या घेतल्या, असं तीत लिहिलेलं आणि खाली बाईची निशाणी. बाई म्हणत होती, असला कागद मी केलेलाच नाही. तो खरा ठरला तर तिचं शेत गेलं, इतकं ते सरळ होतं.

मी जोरात तयारीला लागलो. आमच्याकडेही एक कागद होता. नवरा गेल्यावर सातबाऱ्याला आपलं नाव लागावं म्हणून बाईनं मामलेदाराकडं अर्ज केला होता, त्याची नक्कल. शेत सोडून दिलेली बाई कशाला नाव लावायला जाईल? हा अर्ज म्हणजे आपला हुकमाचा पत्ता, असं मी धरून चाललो. दिराच्या यादीची नक्कल मी बाईला एकदा वाचून दाखवली आणि फाइलीत बांधून टाकली. अर्जाची मात्र माझ्या ओसरीवर बसवून उजळणी घेतली.

“हे बघा, कोर्टात कागदाला निशाणी म्हणतात. ही निशाणी तुमची का, असं विचारलं की गडबडायचं नाही. काय म्हणायचं?”

“व्हय, माजीच.”

“मोठ्यानं.”

“व्हय, माजीच!”

तीनदा म्हणवून घेतलं. माझी बायको आतून म्हणाली, “शाळा काढली का काय?” मला तेव्हा हसू आलं.

साक्षीच्या दिवशी माझी सरतपासणी झकास झाली. अर्जाला निशाणी चौदा पडली. मी विचारलं, “ही निशाणी तुमची ना?” बाईनं मान वर करून सांगितलं, “व्हय, माजीच.” मी खूश होऊन खाली बसलो.

मग दिराचे वकील उठले. मुरलेले गृहस्थ, आवाज मऊ. त्यांनी यादी हातात घेतली, पिंजऱ्यापासून दोन हातांवर उभे राहिले, कागदाच्या तळाशी बोट लावलं आणि अगदी आपुलकीनं विचारलं, “बाई, ही निशाणी तुमची ना?”

“व्हय, माजीच!” मी शिकवल्याप्रमाणं, मोठ्यानं.

मी ताडकन उठलो. “साहेब, साक्षीदाराला शब्द कळलेला नाही.”

“वकीलसाहेब स्वतःच साक्ष देताहेत का?” मऊ आवाज म्हणाला. मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीशांनी वर न बघता सांगितलं, “फेरतपासणीत विचारा.” कागद शाबीत झाला आणि शिरस्तेदारानं त्यावर नंबर टाकला. निशाणी एकवीस.

फेरतपासणीत माझं डोकंच चालेना. “तुम्हाला प्रश्न कळला नव्हता ना?” असं विचारून बसलो. साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालणारा प्रश्न, तो तिथंच नामंजूर झाला. मग विचारलं, “हा कागद तुम्ही केला होता का?” एव्हाना बाई पुरती घाबरली होती. ती म्हणाली, “मला काय ठावं सायेब, समदे कागुद सारकेच दिसत्यात.” न्यायाधीशांनी तेही उतरवून घेतलं. मी बसलो.

बाहेर चिंचेखाली मी त्या बाईवर ओरडलो. लोक बघत होते तरी ओरडलो. ती एवढंच म्हणाली, “तुमीच सांगितलं व्हतं, निशाणी म्हंजी कागुद.”

दावा फेटाळला गेला. निकालात स्पष्ट लिहिलं होतं, वादीनं निशाणी एकवीसवरची निशाणी आपली असल्याचं कबूल केलं आहे. महिन्याभरानं बाई कागद परत मागायला आली. अपिलाला पुण्याचा दुसरा वकील बघणार होती. मला वाईट वाटलं आणि तिचं बरोबर आहे हेही कळलं. अपिलात साक्ष काही पुन्हा होत नाही, हे मी तिला सांगितलं आणि एकेक कागद टेबलावर काढून ठेवू लागलो.

यादीची नक्कल तिच्यासमोर आली तशी ती वाकली. तळाशी, स्वतःच्या नावाशेजारी, तिनं बोट ठेवलं.

“ह्यो गोल कशाचा?”

“ती तुमची निशाणी. बांगडी.”

आमच्याकडे कागद लिहिणाऱ्यांची ती जुनी रीत. कुणब्याच्या नावापुढं नांगर काढायचा, बाईच्या नावापुढं बांगडी. काढतो लिहिणाराच, माणूस नुसता लेखणीला हात लावतो. नक्कल करणाऱ्यानंही तो गोल इमानानं काढला होता. मी तो किती वेळा पाहिला होता आणि दर वेळी माझी नजर त्यावरून पुढं गेली होती.

बाईनं पदराखालून दोन्ही हात काढून टेबलावर ठेवले. मोकळे हात.

“बांगडी? धनी गेलं त्याच दिशी फोडल्या माज्या. तवापास्नं कुटंबी अंगठाच देती मी. तुमच्या वकीलपत्राव बी अंगठाच हाय, बघा की.”

मी बघितलं. अंगठाच होता. माझ्याच समोर, माझ्याच शाईत बुडवलेला. मामलेदाराच्या अर्जावरही अंगठाच. हे तिनं कोर्टात सांगितलं असतं तर दावा जिंकलोच असतो असं नाही, पण समोरच्या मऊ आवाजाला घाम फुटला असता खास.

“सायेब,” ती म्हणाली, “ह्यो कागुद मला आदीच का न्हाई दावला?”

अडाणी बाईला कागद काय दाखवायचा, असं मला वाटलं होतं.