तोंडात मशेरी आहे

कमळ,

तू फोन उचलत नाहीस. मनालीनं उचलला तर म्हणते, "आई झोपलीय." दिवसा झोपणारी बाई तू नाहीस, हे मला ठाऊक आहे. कल्याणला लेकीच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, तू दिवसभर करतेस तरी काय? तोंडातला तुकडा काढून तपासायला दिला होता, त्याचा रिपोर्ट आला का? आला असेल तर कुणीतरी मला सांगा. नसेल आला तर तेही सांगा. मी चिडून लिहितेय असं तुला वाटेल. चिडलेच आहे. कुणावर, ते मात्र कळत नाही. चूक कुणाची ते एकदा सरळ ठरवू म्हणून बसते आणि दर वेळी वेगळंच नाव निघतं. दोनदा माझंच निघालं.

तू सांगितलेलं काम मी अजून केलेलं नाही. का नाही, ते सांगायचं तर पहिल्यापासून सांगायला हवं. तुला ते सगळं माहीत आहे, तेव्हा तू जरा गप्प बस. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते.

कमळ धसईत माझ्या घरापासून चौथ्या घरात राहते. वय पंचावन्नच्या आसपास. नक्की तिलाही माहीत नाही. माहेर डोळखांबकडच्या एका पाड्यावरचं. नवरा धाकलू, मुलगा कंपनीत जातो, सून वैष्णवी बारावी झालेली. पावसाळ्यात भात, हिवाळ्यात भेंडी. भेंडी एक दिवसाआड खुडावी लागते, नाहीतर जून होते आणि टेम्पोवाला घेत नाही. त्यामुळे ही बाई सकाळी सहाला शेतात, नऊला घरात, दहाला गोठ्यात. आणि दिवसातून चार वेळा पडवीत, खांबाला पाठ लावून, तोंडात बोट घालून.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. तिची पूड करून डबीत भरायची आणि बोटानं दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचं. आमच्याकडे निम्म्या बायका लावतात. कमळचं एका वेळी अर्धा तास चाले.

गेल्या नोव्हेंबरात मुरबाडला तोंड तपासायचं शिबिर होतं. मी तिला ओढत नेलं. डॉक्टरीणबाईंनी खालचा ओठ उलटा करून बॅटरी मारली आणि मला जवळ बोलावलं. ओठाच्या आत पांढरा चट्टा, नखाएवढा.

"मशेरी आजपासून बंद केली तर हा जाऊ शकतो," त्या म्हणाल्या. "नाही केली तर काय होईल ते मी आज सांगू शकत नाही. तीन महिन्यांनी परत दाखवा."

येताना एसटीत कमळ म्हणाली, "लय गोड बोलत होती गो डॉक्टरीण."

"ती काय म्हणाली ते कळलं का?"

"कळलं. तीन महिन्यांनी या म्हणाली."

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. कारण सापडलं की उपाय सापडतो, हे मी मुलांना फळ्यावर लिहून दिलंय. म्हणून मी कारण शोधायला लागले. कमळला विचारलं, ही लागली कशी? ती म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हा दाढ दुखायची, सासूनं आपली डबी दिली. झालं, मला कारण सापडलं! मी तिला मुरबाडला नेऊन ती किडकी दाढ काढून घेतली. चार दिवसांनी पाहते तर पडवीत बोट तोंडात.

"अगं, दाढ गेली ना?"

तिनं उठून परसात थुंकलं, चूळ भरली, परत आली आणि म्हणाली, "बाकीच्या हायत ना."

मग म्हणे सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. मी इसबगोल आणून दिला. पोट साफ झालं, मशेरी होतीच. मग म्हणे शेतात भूक मरते तिनं. मी भाजलेले चणे दिले. चणे खाल्ले आणि त्यावर मशेरी लावली. मी शेवटी ओरडले, "तू मला वेडी समजतेस का गं?"

"नाय बाई. तुमी इचारता म्हणून सांगतंय. मला तरी कुठं ठाऊक हाय?"

हे ती खरं बोलत होती. तेव्हा मला ती लबाडी वाटली.

डिसेंबरात तिचं डोकं दुखायला लागलं. आठ दिवस कपाळाला फडकं बांधून भेंडी खुडत होती. चिडचिड करायची, वैष्णवीवर भांडं फेकलं म्हणे. मला वाटलं थंडी बाधली. मग ते थांबलं. पडवीतलं बसणं मात्र चालूच, चार वेळा, अर्धा अर्धा तास. मी तिचा नाद सोडून दिला.

जानेवारीत एकदा वाटाणे न्यायला तिच्याकडे गेले. कमळ खांबाला टेकून, डोळे मिटून, बोट तोंडात. आत धाकलू ओरडत होता, "गोठ्याची चावी कुठं ठेवली गो?" वैष्णवी म्हणाली, "बाबा, थांबा. आईंच्या तोंडात मशेरी आहे."

धाकलू थांबला. चावी शोधायला स्वतः उठला. मी हे शंभर वेळा पाहिलं असेल. आमच्याकडची रीतच आहे: मशेरी लावणाऱ्या बाईला चूळ भरेपर्यंत कुणी बोलवत नाही. तोंडात लाळ साठलेली असते, बोलणार कशी?

मी म्हटलं, "कमळ, वाटाणे."

"टोपल्यात हायत, घ्या," ती म्हणाली.

अगदी स्पष्ट बोलली. थुंकली नाही, उठली नाही. मी तिच्या बोटाकडे पाहिलं. स्वच्छ होतं. बाजूची डबी उचलून उघडली. आत काही नव्हतं, तळाचा पत्रा चकचकत होता.

"कधीपासून?"

"झाला महिना," ती हळूच म्हणाली. "डोकं धरलं व्हतं तवापासून."

"मग बोट कशाला फिरवतेस?"

मला एवढंही कसं समजत नाही, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. "बसाया मिळतं ना, बाई. दमले म्हटलं तर म्हणतात, आमी काय दमत नाय? तलफ आली म्हटलं तर, लाव गो लाव. तलफेला कोन नाय म्हणत नाय."

आता इथे शहाण्या बाईनं डबीचं झाकण लावलं असतं, वाटाणे घेतले असते आणि घरी गेली असती. मी काय केलं? मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे ओरडले, "धाकलू, वैष्णवी, बाहेर या! हिनं मशेरी सोडलीय! महिना झाला!" बाजारातून पेढे आणले. शेजारच्या दोन घरांत वाटले. धाकलू हसत होता, वैष्णवीनं सासूच्या पाया पडून फोटो काढला. कमळ पेढा हातात धरून बसली होती. तिनं तो खाल्ला की नाही, मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिला सगळे हाका मारायला लागले. बसली रे बसली की, "आई, कुकर बघता का?", "आई, तुमी बसलाच आहात तर एवढ्या शेंगा सोला." दुष्टपणा नव्हता त्यात. बाईचं तोंड मोकळं होतं, म्हणून बोलवत होते. दोनदा तिनं तोंडात बोट घातलं, तर वैष्णवी हसली, "आई, दाखवा डबी!"

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती पुन्हा खांबाला टेकलेली दिसली. बोट काळंभोर.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ती ऐकत राहिली, तोंड लाळेनं भरलेलं होतं म्हणून. मग मी म्हटलं, "बसायचंच आहे ना? राखुंडी लाव. तुसाची राख, मीठ, लवंग. मी करून देते. तीही काळीच असते."

ती उठली, थुंकली, चूळ भरली. "राखुंडीला पाच मिनटं लागतात, बाई. दात घासले, झालं. राखुंडीवालीला कोन सोडतंय?"

"मग सांग ना त्यांना सरळ, मला अर्धा तास बसू द्या म्हणून! तोंड आहे ना तुला?"

"तुमी सांगा."

"मी?"

"तुमी बोललात तर ऐकतील. डॉक्टरनं सांगितलंय म्हणा. औषध हाय म्हणा, सकाळी अर्धा तास आन् संध्याकाळी अर्धा तास, बसायचं आन् बोलायचं नाय. एवढं एक काम करा. मी डबी तुमच्यासमोर वढ्यात टाकते."

मी म्हटलं, खोटं मी सांगणार नाही. मग म्हटलं, बरं, सांगेन. मग भाचीचं लग्न निघालं, मग मला खोकला झाला. खरं सांगायचं तर मला राग होता. महिनाभर अंगातून तंबाखू काढून टाकलेली बाई, डोकेदुखी सोसून, कुणाला न सांगता. आणि तीच नुसतं बसण्यासाठी परत तंबाखू लावते? हे कारण माझ्या डोक्यात कुठे बसेना. अजून बसलेलं नाही. तिला व्यसन कशाचं होतं? मशेरीचं म्हणावं, तर ती तिनं सोडून दाखवली. बसण्याचं म्हणावं, तर त्याला व्यसन म्हणायची माझी जीभ धजत नाही, कारण मी रोज दुपारी दोन तास आरामखुर्चीत पडते.

तीन महिने झाले म्हणून लेक मनाली येऊन तिला तपासायला घेऊन गेली. चट्टा वाढला होता. मुरबाडच्या डॉक्टरीणबाईंनी मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे तुकडा काढला. तेव्हापासून ती कल्याणला.

परवा मी ठरवलं की आता जायचंच. ती परत येईल तेव्हा तरी घर तयार हवं. वैष्णवीला काय सांगायचं ते चालता चालता तीनदा घोकलं: डॉक्टरांनी सांगितलंय, औषध आहे, सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. खोटं तर खोटं.

दहा वाजले असतील. पडवीत खांबाला टेकून वैष्णवी बसली होती. भेंडीची टोपली अर्धी निवडलेली. डोळे मिटलेले, बोट तोंडात. दिवसातून दोनदा टूथपेस्टनं दात घासणारी, सासूच्या डबीला हसणारी पोरगी. बाजूला तीच डबी, झाकण लावलेलं.

"वैष्णवी, मला तुझ्याशी कमळबद्दल बोलायचंय."

तिनं डोळे उघडले, दुसरा हात वर केला. "हं हं."

आतून धाकलू ओरडला, "वैष्णवी, च्या झाला का गो?"

"हं हं."

"लाव, लाव," धाकलू म्हणाला आणि भांडी वाजली. स्वतःच चहा ठेवत होता बहुतेक.

डबी माझ्या हाताच्या अंतरावर होती. उघडायला दोन बोटं पुरली असती. तिचं बोट काळं होतं का, ते ओठांआड दिसत नव्हतं. मी वाकलेही. मग ताठ झाले. चूळ भरेपर्यंत थांबावं म्हणून पायरीवर उभी राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ती काही उठेना. तिनं परत डोळे मिटले होते.

मी घरी आले.

तेव्हा कमळ, तुझा निरोप सांगायचा राहिला आहे.