बांधापलीकडची काकी

काकी शिव्या द्यायची कोंबड्यांना, आणि लागायच्या आम्हाला. वाटणी झाल्यापासून तिनं आईशी थेट बोलणं टाकलं होतं. जे काही बोलायचं ते तांबडीशी. तांबडी ही तिची कोंबडी. एक तांबडी मेली की दुसरी यायची, तिचंही नाव तांबडीच. सकाळी मी तोंड धुवायला मागच्या दारी गेले की बांधापलीकडून ऐकू यायचं, "काय गो तांबडे, उठली का लोकांची राजकन्या? सूर्य डोक्यावर आला." लेकी बोले सुने लागे, तसला प्रकार. फरक एवढाच की इथे लेक अंडी घालायची.

किन्हवलीच्या अलीकडे आमची वाडी. भाताची खाचरं खाली, आणि वर घरामागे माळाचा एक तुकडा. काका होते तेव्हाच बाबांनी आणि त्यांनी तो मधोमध बांध घालून वाटून घेतला. वाटणीत घरातलं मोठं जातं काकीकडे गेलं, हे आईच्या मनात मरेपर्यंत राहणार आहे. काका पुढे लवकर गेले, त्यांचा मुलगा सुरेश नोकरीला कल्याणला गेला आणि तिकडचाच झाला. काकी एकटी उरली. एकटी बाई म्हणून तिची कीव करावी असं कुणाला वाटलंच, तर काकी ती संधी देत नसे.

माळावर पावसात ती मका लावायची. पांढरा मका. लग्नात मुरबाडकडच्या माहेराहून ओटीत आलेलं बी, तेच ती दरवर्षी पेरत आली. कणसं वाळली की अंगणात बसून ती सोलायची. पेरणीच्या वेळी बियाण्यासाठी फक्त मधले दाणे घ्यायची, शेंड्याचे आणि बुडाचे कोंबड्यांना. खाण्याचा दाणा दातांत धरून चावायची, कट्ट वाजला तरच कणगीत. बियाण्याची कणसं मात्र सालपटांनी जोड्या बांधून चुलीवरच्या बांबूला टांगायची. धुरानं ती काळी पडत. सुरेशनं गॅस आणून दिला तेव्हा तिनं तो कोपऱ्यात ठेवला आणि वर सूप झाकलं. म्हणाली, "त्याला धूर नाय. किडा काय तुज्या शेगडीला भिनार हाय?"

भांडणाला तोंड फुटलं ते बाबांच्या पिवळ्या मक्यानं. भातसानगरच्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी धरण बघायला येणारे लोक कणसं खातात, आणि त्यांना पिवळंच कणीस लागतं. पांढरं पुढे केलं की विचारतात, हे शिळं आहे का. तेव्हा बाबांनी पिवळं बी आणून आमच्या वाट्याला पेरलं. त्या वर्षी काकीनं तिचं पहिलं कणीस सोललं, तर पांढऱ्यात मधेमधे पिवळे दाणे. ती बांधावर आली आणि कणीस आमच्या अंगणात भिरकावलं. आई तांदूळ निवडत होती, तिच्या सुपात पडलं.

"बघ गो तांबडे," काकी ओरडली, "माज्या कनसात परक्याची पोरं!"

आईनंही तसंच, कुणाकडेही न बघता, उत्तर दिलं. "वारा काय आमी पाळलाय?"

"वाऱ्याला बांध कळत नाय. मानसाला तरी कळाया पायजे."

हे वाक्य पुढची काही वर्षं आमच्या कानांवर आदळत राहिलं. काकीचं मागणं तसं सोपं होतं. आमची पेरणी पंधरा दिवस उशिरा करा, म्हणजे दोन्हीकडचे तुरे एका वेळी येणार नाहीत आणि पिवळ्याचा पराग वाऱ्यानं तिच्या कणसांवर पडणार नाही. पण मागायची रीत अशी, की देवालाही नाही म्हणावंसं वाटेल. बाबा मुद्दाम तिच्याच दिवशी पेरायचे. ती उशिरा पेरू लागली, तर बाबाही थांबायचे. मला तेव्हा बाबांचं काही चूक वाटत नव्हतं. काकीचा मला मनापासून राग यायचा. माझ्या लग्नाची बोलणी आली की पाहुण्यांच्या देखत ती तांबडीला विचारायची, "ही सोयरीक तरी टिकंल का गो?"

आणि तीच बाई गौरीच्या दिवशी बांधावर पांढऱ्या मक्याच्या भाकऱ्या ठेवून जायची, पळसाच्या पानात गुंडाळून. हाक नाही, काही नाही. आई पान उचलून आणायची आणि म्हणायची, "खावा. ईख घातलं असतं तर आधी कोंबडीला सांगितलं असतं." भाकरी मऊ असायची. आई दोन खायची, आणि मग जात्याचा विषय काढायची.

दोन पावसाळ्यांपूर्वी श्रावणात एका सकाळी बाबा माळावरून ओरडतच घरी आले. आम्ही धावलो. आमच्या सगळ्या पिवळ्या मक्याचे तुरे उघडायच्या आधीच कापलेले होते. एकही सोडला नव्हता. कापलेल्या तुऱ्यांच्या पेंढ्या बांधून बांधावर आमच्या बाजूला नीट लावून ठेवल्या होत्या, गुरांना घालता याव्यात म्हणून. नुकसान करतानाही काकीला वाया घालवणं जमत नसे. ती स्वतः पलीकडे कोयता घेऊन उभीच होती, पळाली नव्हती.

बाबा म्हणाले, "पोलीस पाटलाला बोलावतो. तुरा नाय तर दाना कुठून भरनार? पीक मारलंस तू माजं."

त्या दिवशी काकी तांबडीशी बोलली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं आईकडे सरळ बघितलं.

"माज्या भावांनी माळ विकला," ती म्हणाली. "तिथं आता बंगले हायत. हे बी तिथं कुनाकडं नाय. माजं बाटलं तर मी मागाया जाऊ कुठं?"

आईला तिची दया आली असं मी लिहिलं तर आई मला घरात घेणार नाही. आई म्हणाली, "मग माहेरी जाऊन बस. आमचं रान कशाला नासतेस?"

काकी कोयता खांद्यावर टाकून निघून गेली.

पण गंमत बघा, आमची कणसं भरली. टच्च, शेंड्यापर्यंत. तुरे आमचे नव्हते, तिचे होते. वारा बांधावरून इकडे आला आणि तिच्या पांढऱ्यानं आमचा पिवळा भरून दिला. दाणे मात्र पिवळेच दिसत होते, थोडे फिकट इतकंच. बाबांनी पोलीस पाटलाचं नाव पुन्हा काढलं नाही. काकीची कणसं त्या वर्षी शुभ्र निघाली. ती अंगणात सोलत बसली आणि आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "फुकटचं खातात गो मानसं. वर शिव्या देतात." भरलेली कणसं बघून आई रिकाम्या कणसांवर चिडली असती त्याहून जास्त चिडली.

त्याच पौषात काकीला ताप आला. शहापूरच्या दवाखान्यात नेली, ती परत आली नाही. जीपमध्ये आई तिच्या उशाशी होती. काकीला शुद्ध नव्हती, तरी आई सारखी म्हणत होती, "बोल की आता. बोल ना." सुरेश आला, दिवस केले, दाराला कुलूप लावून गेला.

उन्हाळ्यात तो माळ विकायला आला तेव्हा घर उघडलं. आई काही न सांगता आत गेली आणि चुलीवरच्या बांबूची कणसं काढायला हात घातला. दाण्याला बोट लागलं की पीठ गळत होतं. किड्यांनी आतून सगळं खाल्लं होतं. चूल थंड, धूर नाही, कोण राखणार? एकही दाणा पेरण्याजोगा निघाला नाही. आई घरी आली ती भांडी आपटत. त्या दिवशी तिला ओरडायला माणूस हवं होतं, आणि पलीकडे कुणी नव्हतं. मग ते बाबांच्या आणि माझ्या वाट्याला आळीपाळीनं आलं.

काकीचा माळ कुणा मुंबईवाल्यानं घेतला आणि तारेचं कुंपण घातलं. तिथे नुसतं गवत. आम्ही मात्र पावसाला आमचा साठवलेला मका पेरला, तुरे कापल्या वर्षीचाच. भाद्रपदात आईनं पहिलं कणीस सोललं आणि तशीच बसून राहिली. मी जवळ गेले. पिवळ्या दाण्यांत जागोजागी पांढरे दाणे होते. दुसरं सोललं, त्यातही. वर्षभर पिवळ्याखाली दबून राहिलेला काकीचा रंग आमच्या कणसांत वर आला होता.

"आली बघ," आई म्हणाली. "मेली, तरी भांडाया आलीच."

मग कणसं वाळल्यावर आई एकेक पांढरा दाणा नखानं काढत बसली. शेंड्याचे कोंबड्यांना, बुडाचे कोंबड्यांना, मधले वाटीत. तोंडानं काकीला शिव्या चालूच होत्या आणि डोळे पदरानं पुसणंही. ते दाणे फडक्यात बांधून तिनं चुलीवर टांगले. आमच्याकडे गॅस आहे. केवळ त्या पुरचुंडीसाठी ती रोज चूल पेटवू लागली.

यंदा तिनं ते माळाच्या वरच्या कोपऱ्यात वेगळे पेरले. श्रावणात एका सकाळी बाबांचा पुन्हा तसाच ओरडा ऐकू आला. मी धावले. आमच्या पिवळ्या मक्यात आई कोयता घेऊन उभी होती आणि तुरे कापत होती. कापलेल्या पेंढ्या बांधून बांधावर लावलेल्या.

"अगो, येड लागलं काय? आपलंच पीक हाय!" बाबा म्हणाले.

आईनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. पायाशी आमची कोंबडी दाणे टिपत होती, तिच्याकडे वळून म्हणाली, "सांग गो त्यांना, वाऱ्याला बांध कळत नाय."

बाबा कोंबडीकडे बघत राहिले.