कालचं सांगा

मुंबईत एकाही माणसाला ‘कसे आहात?’ असं न विचारता आयुष्य काढलेली एकच व्यक्ती असावी, आणि ती म्हणजे माझ्या मैत्रिणीची, मानसीची, आत्या. समोर माणूस दिसला की त्या विचारतात, ‘काल काय जेवलात? सकाळपासून सांगा.’ लग्नाच्या हॉलमध्ये त्या नवऱ्या मुलाला हे विचारतात, बँकेत काउंटरच्या काचेपलीकडच्या बाईंना विचारतात, आणि एकदा त्यांच्या वाडीत एक काका वारले तेव्हा भेटायला गेलेल्या आत्यांनी त्या घरच्या काकूंनाही हेच विचारलं. मानसी सांगते की खोलीतली सगळी माणसं शरमेने सतरंजीकडे बघायला लागली. काकूंनी मात्र बराच विचार केला आणि म्हणाल्या, ‘परवा चहा घेतला होता बहुतेक.’ आत्या उठल्या, आत जाऊन मऊ भात लावला आणि वाटी घेऊन काकूंच्या शेजारी बसल्या. येणारा प्रत्येक जण काकूंना धीर धरा म्हणत होता, पण धीर धरायलाही पोटात काहीतरी लागतं हे तोवर कोणाला सुचलं नव्हतं.

आत्या परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ आहेत. म्हणजे काय, हे त्यांना रोज कोणाला तरी समजावून सांगावं लागतं. त्यांच्या नातेवाइकांचा पक्का समज असा, की त्यांनी कॅटरिंगचं शिक्षण घेतलंय. त्यामुळे ठाकूरद्वारच्या त्यांच्या घरी मुंजीचा मेनू ठरवायला माणसं येतात. वॉर्डातली मावशी त्यांना ‘किचनवाल्या मॅडम’ म्हणते आणि काही पेशंट डाळ पातळ झाल्याची तक्रार त्यांच्याकडेच करतात. आत्या रागावत नाहीत. त्या फक्त दर रविवारी स्वतःचा पांढरा कोट स्टार्च करतात. तो इतका कडक असतो की मानसीच्या मते आत्या मध्येच निघून गेल्या तरी कोट राउंड पूर्ण करेल. ‘डॉक्टरांचा कोट चुरगळला तरी ते डॉक्टरच दिसतात,’ आत्या मला एकदा म्हणाल्या, ‘माझा चुरगळला की मला लोक चहा सांगतात.’

आणि कोणी ‘मी हल्ली डाएटवर आहे’ म्हणालं की त्या लगेच म्हणतात, ‘सगळेच असतात. जिवंत माणूस जे खातो त्यालाच डाएट म्हणतात. तुझं कुठलं ते सांग.’

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो ते कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, मानसीकडे, म्हणजे आत्या राहतात त्याच घरी, नोट्स आणायला गेलो तेव्हा. आमचं घर भोईवाड्यातल्या चाळीत, एका खोलीचं. कॉलेजपर्यंत पोचलेला घरातला मी पहिलाच. अनोळखी, नीटनेटक्या घरात गेलो की माझं अंग आपोआप चोरलं जातं. मी खुर्चीच्या काठावर बसलो होतो, तेवढ्यात आत्या बाहेर आल्या आणि त्यांनी आपला प्रश्न विचारला. मी एका दमात म्हणालो, ‘चपाती, भाजी, वरण, भात, कोशिंबीर.’

‘छान,’ आत्या म्हणाल्या. ‘आता खरं सांग.’

मानसी हसायला लागली. माझे कान गरम झाले. आदल्या दिवशी मी दुपारी एक वडापाव आणि रात्री सुकटीची चटणी-भाकरी खाल्ली होती, पण तसं सांगायची लाज वाटली होती. आत्यांनी माझ्या हातात शेंगदाण्याचा लाडू ठेवला आणि मला त्यांच्या शास्त्राचा पहिला धडा दिला. ‘हे बघ, खोटं सांगणारा माणूस ताट वाढल्यासारखं सांगतो. एकापाठोपाठ एक, पदार्थ सगळे जागच्या जागी. खरं सांगणारा अडखळतो. तो आधी वार विचारतो. काल सोमवार होता ना, म्हणतो. मग त्याला आठवतं की बस उशिरा आली, मग मित्र भेटला, आणि मग कुठे त्याला खाल्लेलं आठवतं. जेवण एकटं आठवत नाही रे, दिवसाला चिकटून येतं.’ मग जाता जाता म्हणाल्या, ‘आणि सुकट वाईट नाही हो. उलट तुझ्या त्या कोशिंबिरीपेक्षा बरी.’ मी सुकटीचं नावही काढलं नव्हतं. ‘अहो, पण तुम्हाला कसं...’ म्हणालो, तर त्यांनी माझ्या डब्याच्या पिशवीकडे बोट केलं. वास येत होता.

कोणाला उघडं पाडण्यात त्यांना रस नसतो. वाडीत पहिल्या मजल्यावर एक काका आहेत, त्यांना मधुमेह आहे. एका रविवारी सकाळी ते हातात पुडी घेऊन जिना चढत होते आणि आत्या उतरत होत्या. काकांनी पुडी पाठीमागे नेली आणि काही न विचारताच म्हणाले, ‘तुळशीला खत आणलंय.’ आत्या म्हणाल्या, ‘खताला केशराचा वास चांगला येतोय.’ काका इतके केविलवाणे दिसले की आत्या त्यांच्याबरोबर परत वर गेल्या, पुडी सोडली, एक जिलबी त्यांना बशीत काढून दिली आणि म्हणाल्या, ‘ही सगळ्यांसमोर बसून खा. चोरून खाल्लेलं मोजता येत नाही, एवढाच माझा त्रास आहे.’ उरलेल्या जिलब्या त्यांनी वाडीतल्या पोरांना वाटल्या. खताचं काय झालं, असं काकांना लोक अजून विचारतात.

हिंदमाताच्या दुकानात आत्यांबरोबर साडी घ्यायला गेली तेव्हाची गोष्ट मानसीची आई अजून कपाळाला हात लावून सांगते. साड्या उलगडून दाखवणाऱ्या दादांचा हात थरथरताना आत्यांना दिसला. विचारलं, तर दादा म्हणाले, ‘गर्दीच हटली नाही ना मॅडम. डबा तसाच आहे.’ आत्या गादीवर मांडी ठोकून बसल्या आणि मालकांना म्हणाल्या, ‘हे जेवून येईपर्यंत मी साडी बघणार नाही.’ मालकांनी दुसरा माणूस देऊ केला, थंड मागवलं, सूटसुद्धा देऊ केली. आत्या हलल्या नाहीत. दादा जेवून आले आणि ताज्या दमाने त्यांनी गठ्ठाच्या गठ्ठा उलगडला. मग आत्या म्हणाल्या, ‘रंग काही मनात भरत नाहीयेत,’ आणि निघाल्या.

मी या सगळ्यावर पुष्कळ हसलो आहे. पण एका गोष्टीवर मला हसता येत नाही.

माझे पप्पा सिक्युरिटी गार्ड आहेत. आजोबा ज्या गिरणीत होते, तिच्या जागेवर आता टॉवर आहे आणि त्याच्या गेटवर पप्पांची रात्रपाळी असते. त्यांना साखरेचा त्रास, गोळी चालू होती. गेल्या वर्षी एका पहाटे ते गेटवरच चक्कर येऊन पडले. हॉस्पिटलात नेलं. साखर एकदम उतरली होती. दोन दिवसांत ते ठणठणीत झाले, घरी आले, आणि पुढच्याच आठवड्यात पुन्हा तसेच पडले; पुन्हा त्याच हॉस्पिटलात भरती केलं. आई घाबरून गेली. डॉक्टरही बुचकळ्यात पडले, कारण वॉर्डात असले की पप्पांची साखर शहाण्यासारखी वागायची आणि घरी गेले की कोसळायची. मेंदूची तपासणी करू, हृदयाची करू, असं बोलणं सुरू झालं. मी कॉलेज सोडून कुठे कामाला लागावं याचा मनातल्या मनात हिशोब करायला लागलो.

हॉस्पिटल आत्यांचंच होतं. दुसऱ्या दिवशी त्या कडक कोटात खाटेजवळ आल्या. मला बघून थबकल्या, पण ओळख दाखवत बसल्या नाहीत. स्टूल ओढून पप्पांना म्हणाल्या, ‘दादा, घरी होतात त्या शेवटच्या दिवसाचं जेवण सांगा.’

पप्पा अंथरुणात ताठ बसले. ‘रात्री दोन चपात्या, भाजी, डाळ, सॅलड.’

मी मान खाली घातली. आमच्या चाळीत सॅलड म्हणजे भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा. आत्यांनी मान डोलावली आणि आईकडे वळून अगदी शेजारणीच्या सुरात विचारलं, ‘ताई, यांचा डबा कोण घासतं हो?’

आईचा चेहरा त्या काळजीतही उजळला. ‘हल्ली हेच घासून आणतात! आधी पाण्याचा ग्लास उचलायचे नाहीत. पण महिनाभर झाला, डबा असा लख्ख आणतात, की मला हात लावायला नको.’

आत्या पप्पांकडे बघत राहिल्या. पप्पांनी चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग हळूच म्हणाले, ‘मॅडम, त्या दिवशी... बुधवार होता ना?’

वार विचारला म्हटल्यावर मी मान वर केली.

मग सगळं बाहेर आलं. कंपनीची वार्षिक तपासणी जवळ आली होती. साखर जास्त निघाली तर घरी बसवतील अशी गेटवर चर्चा होती. माझं शेवटचं वर्ष होतं. म्हणून पप्पांनी ठरवलं, की गोळी पण वेळेवर घ्यायची आणि रात्री जेवायचं पण नाही. साखरेला दोन्हीकडून घेरायचं. आईचा डबा ते गेटवरच्या जोडीदाराला खायला द्यायचे आणि तिला कळू नये म्हणून घासून आणायचे. ‘डॉक्टरसाहेबांनी विचारलं होतं, जेवता ना वेळेवर?’ पप्पा म्हणाले. ‘साहेबांना नाही कसं म्हणायचं?’

आई रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘आणि मी अख्ख्या चाळीत सांगत फिरले, यांना माझी किती काळजी.’

त्या दिवशीचा राउंड मी खाटेच्या उशाशी उभा राहून बघितला. पुढे मोठे सर, मग शिकाऊ डॉक्टर, मग सिस्टर, आणि सगळ्यांच्या मागे, पडद्याला जवळजवळ टेकून, आत्या. शिकाऊ डॉक्टर तपासण्यांची नावं सांगत होते. आत्या मागून म्हणाल्या, ‘सर, पेशंट गोळी घेऊन रात्री उपाशी राहतात. महिनाभर.’ कोणी ऐकलं नाही. त्या पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्याने, आणि कोटाचा करकर आवाज करत दोन माणसांमधून पुढे आल्या. सरांनी पप्पांकडे बघितलं. पप्पांनी मान हलवली. ‘हं,’ सर म्हणाले. त्यांनी गोळी बदलली, मेंदूची तपासणी थांबवली, नोकरीसाठी चिठ्ठी देऊ म्हणाले आणि पुढे निघाले. पण पुढच्या खाटेपाशी पोचल्यावर पेशंटला हात लावायच्या आधी ते थांबले आणि मागे वळून बघितलं. ‘मॅडम कुठे आहेत?’ आत्या अजून आमच्याच खाटेपाशी होत्या. त्या जवळजवळ धावल्या.

मी नंतर त्यांचे आभार मानायला गेलो, तर म्हणाल्या, ‘सरांची चूक नाही रे. जेवता ना, असं विचारलं की माणूस हो म्हणतो. ते विचारायचं शिक्षण माझं आहे, त्यांचं नाही. पण ऐकलंस का? “हं” म्हणाले! इतक्या वर्षांत पहिल्यांदा.’ आणि घरी जाऊन त्यांनी म्हणे मानसीला तो ‘हं’ तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत म्हणून दाखवला.

पदवीनंतर मी आहारशास्त्राला प्रवेश घ्यायचं ठरवलं, तेव्हा मला पप्पांची भीती होती. घरातला पहिला शिकलेला मुलगा, आणि शिकून लोकांच्या ताटात डोकावणार? बुद्धविहाराच्या अभ्यासिकेतली पोरं तर मला ‘काय शेफ’ म्हणायलाही लागली होती. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘त्या मॅडमसारखा कोट मिळतो का?’ मिळतो म्हणालो. ‘मग घे. तुझ्या आईला स्टार्च करता येतं.’

गेल्या महिन्यात कॉलेजात आम्हाला सांगितलं, की ओळखीच्या एका माणसाचं आदल्या दिवसाचं खाणं नीट विचारून आणा. मी ठाकूरद्वारला गेलो. मानसी नोकरीसाठी बंगळूरला गेली आहे, तिचे आईवडील डोंबिवलीला राहायला गेलेत, आणि त्या घरात आता आत्या एकट्याच असतात. दारामागे खिळ्यावर कोट टांगलेला होता. मी खुर्चीवर बसलो, या वेळी नीट टेकून, आणि म्हणालो, ‘आत्या, कालचं सांगा. सकाळपासून.’

त्या खूश झाल्या. पदर सारखा करून, शाळेतल्या मुलीसारख्या ताठ बसून म्हणाल्या, ‘सकाळी पोहे. दुपारी पोळी, भाजी, वरण, भात, ताक. रात्री खिचडी.’

एका दमात. सगळे पदार्थ जागच्या जागी.

माझ्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. सगळ्या परळचं जेवण त्यांना पाठ, आणि त्यांचं कोणालाच ठाऊक नाही. आता खरं सांगा, असं त्यांना म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि ओट्यावर चहाचा एकच कप उपडा घातलेला होता. मी तिकडे बघितलं आणि जमेल तितक्या हळू विचारलं, ‘आत्या, काल भांडी किती निघाली?’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं रागावतील. पण त्यांची ताठ बसलेली पाठ हळूहळू खुर्चीला टेकली. खाली वाडीत कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती काही चालू होत नव्हती.

‘थांब हं,’ आत्या म्हणाल्या. ‘काल... काल कुठला वार होता रे?’