बार्बाडोसला पोचलेला रुमाल

सिस्टरबाईंचा नेम दोन गोष्टींत कधी चुकला नाही, एक इंजेक्शनात आणि दुसरा रुमालात. श्रीरामपूरच्या स्टँडवर नगरची गाडी फलाटाला लागायच्या आत त्यांचा निळ्या काठाचा रुमाल उघड्या खिडकीतून आत जायचा आणि नेमका हव्या त्या सीटवर पडायचा. आम्ही दारापाशी एकमेकांच्या कोपरांचा मार खात असताना त्या सगळ्यांत शेवटी, साडी सावरत, सावकाश चढायच्या. त्या रुमालावर बसायची कुणाची छाती नव्हती. चढणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्यांनी कधी ना कधी सुई टोचलेली असायची.

त्या राहुरीच्या एका दवाखान्यात नर्स होत्या, मीही राहुरीलाच नोकरीला, शिवाय आम्ही शेजारी. त्यामुळे त्या माझीही जागा धरायच्या. पण ती मला मिळेलच असं नसे. बेलापूरला एखादी लेकुरवाळी चढली की म्हणायच्या, "भाऊ, उठा. तुमची जागा हिला दिली."

"अहो, पण माझी जागा…"

"मीच धरली हुती ना? मंग मीच देनार. तुमाला काय धाड भरलीय उभं ऱ्हायला?"

मी राहुरीपर्यंत दांडीला लटकायचो आणि मनातल्या मनात चरफडायचो. खरं सांगायचं तर चार दिवस त्या रजेवर असल्या तर बसायला जागा मिळूनही प्रवास अळणी वाटायचा.

निवृत्त झाल्यावरही त्यांचं स्टँड सुटलं नाही. गल्लीतलं कुणीही परगावी निघालं की पोचवायला सिस्टरबाई हजर. रुमाल टाकायचा, माणूस बसवायचा आणि मग गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत उन्हात उभं राहायचं. "जा आता, सिस्टरबाई," असं कुणी म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "गाडी हालल्याबिगर मानूस गेला म्हनू न्हाई."

नवरा कधीच वारलेला, आणि एकुलती एक लेक रूथ, तीही आईसारखीच नर्स, नवऱ्याबरोबर बार्बाडोस बेटावर. बार्बाडोस म्हटल्यावर आमच्या गल्लीला फास्ट बोलर आठवले, बाकी काही नाही. रूथला दिवस गेले आणि तिनं आईला बोलावून घेतलं. मुंबईहून लंडन, तिथं विमान बदलून बार्बाडोस. गल्लीचा जीव टांगणीला लागला. सिस्टरबाई मात्र चकल्या तळत म्हणाल्या, "स्टँड तो स्टँडच. इमानाचा असला म्हनून काय झालं?"

विमानात नंबरानं जागा मिळते हे कळल्यावर त्यांचा थोडा विरसच झाला. ती कसर त्यांनी बेटावर उतरून भरून काढली. विमानतळावर घ्यायला येणारे जावईबापू वाटेत अडकले. सिस्टरबाई बॅग ओढत बाहेर आल्या, तर समोरच्या थांब्यावर तिथल्या राजधानीची, ब्रिजटाऊनची बस लागत होती. लोक एकामागे एक शांत रांगेत उभे. बस दिसली, खिडकी उघडी दिसली आणि हात आपोआप कमरेच्या रुमालाकडे गेला. रुमाल आत गेला तो खिडकीशी बसलेल्या एका थोराड बाईच्या मांडीवर पडला.

सगळी रांग वळून बघायला लागली. सिस्टरबाईंचं इंग्रजी दवाखान्यातलं, पेशंटला झोपवण्यापुरतं. त्यांनी खिडकीकडे बोट करून तेच वापरलं, "डोन्ट मूव्ह! माय सीट!" ती बाई आधी गांगरली, मग पोट धरून हसली आणि तिनं शेजारची सीट रुमालानं झटकून तिच्यावर तो पसरून ठेवला. सिस्टरबाई नेहमीप्रमाणे सगळ्यांत शेवटी चढल्या. तेवढ्यात जावईबापू धापा टाकत आले, "आई, उतरा, मी गाडी आणलीय." सिस्टरबाई कसल्या उतरतात! "धरलेली जागा अशी सोडत्यात व्हय?" मग बस पुढे आणि जावयाची मोटार मागे, अशी वरात समुद्राच्या कडेनं ब्रिजटाऊनला गेली. सासूबाईंचं तिकीटही त्या थोराड बाईनंच काढलं.

नातू झाला, त्याचं न्हाऊमाखू करून सिस्टरबाई परत आल्या आणि आम्हाला बार्बाडोस ऐकवू लागल्या. तिथल्या छोट्या पांढऱ्या गाड्या आपल्या नेवाशाच्या काळीपिवळीसारख्याच. "भरल्याबिगर हालत न्हाई, आन भरली तरी कंडक्टर म्हनतो, एकाला जागा हाय. गानी मात्र लई मोठ्यांदा." समुद्राबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "हाय की. निळा हाय."

पुढच्या वर्षी त्या न्हाणीघरात घसरून पडल्या. रूथनं फोनवर रडून सांगितलं, आता कायमची इकडेच ये. सिस्टरबाईंनी बरेच दिवस चालढकल केली. आधी लोणचं घालायचं होतं, मग नाताळ जवळ आला, मग कुणाचं तरी लग्न निघालं. संध्याकाळी त्या आमच्या ओट्यावरच्या खुर्चीत येऊन बसायच्या. एकदा माझी बायको सुमन म्हणाली, "जावा की. लेक आहे, नातू आहे."

"जाईन गं. पन भाड्याचं घर. मी गेले की दुसरं कोन तरी येईल, मंग परत आले तर बसू कुठं? सगळ्या गावाची जागा धरली मी. माझी कोन धरनार?"

हे त्या हसत म्हणाल्या, पण सुमनचे डोळे भरले. मी उगाच पेपर उचलला.

शेवटी त्या निघाल्या. सगळी गल्ली स्टँडवर. मुंबईची गाडी आली आणि लक्षात आलं, आज रुमाल त्यांनी टाकायचा नाही, त्यांच्यासाठी टाकायचा. तो मान मी घेतला. माझा रुमाल खिडकीच्या काचेला आपटून खाली धुळीत पडला.

"इतकी वर्सं बघून बी नेम न्हाई आला," सिस्टरबाई म्हणाल्या आणि रडता रडता सगळे हसले. कंडक्टर ओळखीचा निघाला, त्यानं खिडकीची जागा दिली. आम्ही उन्हात उभे राहिलो. गाडी हलली. तेवढ्यात खिडकीतून निळ्या काठाचा रुमाल बाहेर आला आणि नेमका सुमनच्या हातात पडला. "खुर्चीवर टाक गं!" गाडी फाटकातून वळेपर्यंत त्या ओरडत होत्या.

तेव्हापासून तो रुमाल आमच्या ओट्यावरच्या खुर्चीवर असतो. सुमन तो रविवारी धुते आणि वाळला की परत घालते. नवखा पाहुणा बसायला गेला की मी त्याला सतरंजी दाखवतो. बार्बाडोसहून व्हिडिओ कॉल आला की सिस्टरबाई आधी नातवाला दाखवत नाहीत की आमची खुशाली विचारत नाहीत. विचारतात, "खुर्चीवर कोन बसलंय?"

सुमन मोबाईल ओट्याकडे फिरवते आणि त्यांच्याच बोलीत सांगते, "कुनी न्हाई, सिस्टरबाई. तुमचीच हाय."

"हां," त्या म्हणतात. "आता बोल."